पोट सुटलेल्या रुग्णाची स्टोमा पिशवी वारंवार गळते: आधी जागा तपासा

तक्रार साधारण अशी असते. मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, गाठ निघाली, रिपोर्टही चांगला आला. शौचाचा रस्ता पोटावर काढलाय, त्या तोंडालाच स्टोमा म्हणतात, आणि त्यावर पिशवी आहे. हॉस्पिटलात पडून असताना ती छान चिकटून राहायची, घरी आल्यापासून टिकत नाही. सकाळी लावली की दुपारी कडेने ओलं, रात्री अंथरूण खराब. भोवतालची कातडी लाल होऊन सोलवटलीय आणि अशा कातडीवर पुढची पिशवी आणखी कमी टिकते. घरच्यांनी एक कंपनी सोडून दुसरी धरली, दुसरी सोडून तिसरी. सदाशिव पेठेतल्या औषधांच्या दुकानांत हेलपाटे झाले. रुग्णाने आधी बाहेर जाणं सोडलं, मग पोटभर जेवणं सोडलं, कारण जेवलं की पिशवी भरते आणि भरली की सुटते.

मी पुण्यात स्टोमाच्या रुग्णांची देखभाल करणारी परिचारिका आहे. रुग्ण अंगाने भारी असेल आणि तक्रार अशी असेल, तर मी पिशवी पाहण्याआधी त्यांना खुर्चीत बसवते. आडवं झोपल्यावर पोट सपाट पसरतं, स्टोमा समोर दिसतो, भोवतालची कातडी ताणलेली असते आणि सगळं ठीक वाटतं. बसल्याबरोबर पोटाची वळी पुढे येते आणि स्टोमा तिच्या घडीत किंवा खालच्या उतारावर जातो. रुग्णाला तो दिसतही नाही. पिशवीची चकती, म्हणजे कातडीला चिकटणारा तिचा भाग, दोन वळ्यांच्या मधे दुमडते आणि त्या दुमडीतून पातळ मळ वाट काढतो. अशा वेळी कितीही महागाची पिशवी आणली तरी ती तिथेच सुटणार.

काढलेली चकती फेकण्याआधी उलटी करून बघा

घरी करता येण्यासारखी सगळ्यात उपयोगी तपासणी हीच. चकतीची चिकट बाजू वर करा आणि घड्याळाची तबकडी समजून वाचा. वरचा भाग बारा, खालचा सहा. चिकट थर कुठे फुगून विरघळलाय, मळ कुठवर पोचलाय ते पाहा. चकती लावलेली असताना तिची बाजू आणि रुग्णाचं डावं-उजवं यांत गल्लत होते, म्हणून काढण्यापूर्वीच वरच्या टोकाला पेनाने बाण काढून ठेवा. लागोपाठच्या दोन-तीन चकत्यांचे मोबाइलवर फोटो काढा.

गळती दरवेळी एकाच दिशेला असेल, समजा तीन आणि नऊच्या रेषेत, तर तिथे आडवी घडी आहे. फक्त सहाच्या बाजूला असेल, तर स्टोमाचं तोंड खाली वळलेलं असतं किंवा खालची कड वळीत दबत असते. थर चहूबाजूंनी सारखाच विरघळला असेल, तर कापलेलं भोक मोठं आहे, किंवा स्टोमा कातडीच्या पातळीला किंवा त्याहून आत गेलाय, किंवा मळ फारच पातळ आहे. आणि चिकट थर शाबूत असून चकती नुसतीच सुटून आली असेल, तर कातडी ओली, तेलकट किंवा घामेजलेली होती.

नंतर रुग्णाला आरशासमोर उभं करा, खुर्चीत बसवा, पुढे वाकायला लावा. आपल्याकडे एवढ्यावर भागत नाही. जमिनीवर मांडी घालून बसवा आणि गुडघे साथ देत असतील तर उकिडवंही बसवा. भाजी निवडताना, पूजेला बसताना, पंगतीत जेवताना पोट जसं दुमडतं तसं खुर्चीत दुमडत नाही. "दिवसभर ठीक असते हो, संध्याकाळी देवापाशी बसले की सुटते," असं मावशी सांगतात तेव्हा निदान त्यांनीच करून दिलेलं असतं. बाईमाणसाची परकराची नाडी आणि निऱ्यांचा बोंगा कुठे येतो, पुरुषाचा पट्टा किंवा लेंग्याची नाडी कुठे येते, तेही बघा. नाडी नेमकी स्टोमावरून जात असेल, तर मळ पिशवीत उतरायच्या ऐवजी चकतीखाली ढकलला जातो.

जागा चुकलीच असेल तर पिशवीपुरतं काय करता येतं

भोकाचं माप सगळ्यात आधी. स्टोमा ऑपरेशननंतर सुजलेला असतो आणि साधारण सहा ते आठ आठवडे आकसत जातो. पहिल्या आठवड्यात दिलेल्या मापानेच लोक तीन-तीन महिने चकत्या कापत राहतात. दर आठवड्याला मोजा. भोक स्टोमापेक्षा 2 ते 3 मिलिमीटर मोठं असावं, त्याहून जास्त नाही. मधे उघडी राहिलेली कातडी जळणारच, विशेषतः इलिओस्टोमी, म्हणजे लहान आतड्याचा स्टोमा, असेल तर, कारण लहान आतड्याच्या मळात पाचक रस असतात आणि ते कातडीलाही सोडत नाहीत.

स्टोमा कातडीच्या पातळीला किंवा आत असेल तर सपाट चकती कामाची नाही. कॉन्व्हेक्स, म्हणजे पोटाकडे फुगीर असलेली चकती लागते. ती भोवतालची कातडी दाबून स्टोमाला थोडा वर आणते. तिच्यासोबत कमरेचा पट्टा वापरला तर दाब टिकतो. मात्र पट्टा चकतीच्याच उंचीवर राहिला पाहिजे. भारी पोटावर तो वर सरकतो आणि चकती वाकडी ओढतो, त्यामुळे दिवसातून एकदोनदा हात लावून जागेवर आणावा. कॉन्व्हेक्स चकती स्वतःच्या मनाने दुकानातून आणू नका. मऊ, कडक, कमी खोल, जास्त खोल असे तिचे प्रकार असतात. कडक चकतीने कातडीवर जखम होऊ शकते आणि स्टोमाभोवती हर्निया असेल तर ती उलटच पडते. निवड स्टोमा नर्सने रुग्णाला बसवून करावी. लावल्यावर पहिल्या आठवड्यात कातडीवर काळंनिळं काही दिसतंय का, तेही पाहावं.

वळी किंवा खळगा असेल तिथे स्टोमा पेस्ट किंवा मऊ चिकट रिंगचा तुकडा भरून पृष्ठभाग सपाट करायचा असतो. पेस्ट म्हणजे गोंद नव्हे. जास्त लावली की जास्त चिकटेल या समजुतीने लोक ती चकतीभर फासतात आणि चकती घसरते. बहुतेक पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, त्यामुळे सोलवटलेल्या कातडीवर ती भयंकर झोंबते. तिथे रिंग बरी. सोलवटलेल्या जागेवर स्टोमा पावडर भुरभुरवा, जादाची झटका, वर बॅरिअर फिल्मचा, म्हणजे कातडीवर संरक्षक थर देणाऱ्या द्रवाचा, हलका हात फिरवा, वाळू द्या आणि मग चकती लावा.

खोबरेल तेल, हळद, तूप, बाळाची पावडर, डेटॉल, यातलं काहीही लावायचं नाही. कातडी भाजली की आपला हात आधी खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो, त्यामागची माया मला कळते; पण तेलावर चकती चिकटत नाही, आणि चिकटली नाही की पुन्हा गळते. कोमट पाणी आणि मऊ कापड पुरेसं आहे. केस असतील तर कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक करा, ब्लेड नको.

चकती लावताना रुग्ण कसा आहे याने फार फरक पडतो. घडीतल्या स्टोमावर बसून चकती लावली तर ती दुमडूनच चिकटते. उशीला टेकून अर्धवट आडवं व्हावं, किंवा आरशासमोर उभं राहून एका हाताने पोट वर उचलून धरावं म्हणजे घडी उघडते. चकती लावण्याआधी मिनिटभर काखेत धरून ऊबदार करा आणि लावल्यावर तळहाताने चार-पाच मिनिटं दाबून ठेवा. स्टोमा दिसत नसलेल्या रुग्णाला हे एकट्याने जमत नाही, त्याला दुसरं माणूस लागतं. सून, मुलगा, नवरा, जो कोणी करणार असेल त्याला हॉस्पिटलमधून सुट्टी होण्याआधीच दोनदा स्वतःच्या हाताने करू द्या.

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. भारी पोटावर भरलेली पिशवी उतारावरून खाली ओढली जाते आणि चकतीची वरची कड उचलते.

एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा घामाने, आणि पावसाळ्यात दमटपणाने, वळ्यांमधली कातडी कायम ओली राहते. मधुमेह असेल तर बुरशीचा संसर्ग पटकन होतो. लाल चट्टा, त्याच्या कडेला सुटे बारीक पुरळ आणि जळजळीपेक्षा खाज जास्त असेल, तर मळ लागून झालेला दाह समजून नुसती पावडर लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. बुरशीचं औषध क्रीममध्ये घेतलं तर चकती चिकटणार नाही. पावडरच्या रूपातलं मागून घ्या.

एवढं सगळं करूनही चकती निदान दोन दिवससुद्धा टिकत नसेल, तर मी रुग्णाला सर्जनकडे परत पाठवते. स्टोमा आत ओढला गेला असेल, तोंड अरुंद झालं असेल किंवा बाजूला हर्निया असेल, तर पिशव्या बदलून ते दुरुस्त होत नाही. स्थूल रुग्णांत या तिन्हींचं प्रमाण जास्त असतं. तात्पुरती इलिओस्टोमी असेल तर सर्जन बहुधा ती बंद करण्याच्या तारखेपर्यंत निभावून न्यायला सांगतात, आणि केमोथेरपी चालू असताना ते रास्तही असतं. कायमची कोलोस्टोमी, म्हणजे मोठ्या आतड्याचा स्टोमा, असेल तर जागा बदलण्याचं ऑपरेशन हा विषय काढायला संकोचू नका. वजनातला बदलही सर्जनना सांगा. केमो संपल्यावर भूक परत येते, पाच-सात किलो वाढतात आणि तोवर बरा असलेला स्टोमा खळग्यात जातो. उलट झपाट्याने वजन उतरलं तरी कातडी सैल पडून नव्या घड्या येतात.

स्टोमा काळपट किंवा जांभळा पडला, किंवा मळ येणं थांबून पोट फुगलं आणि उलट्या सुरू झाल्या, तर यातलं काहीही करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. इलिओस्टोमीतून दिवसाला दीड लिटरच्या वर जात असेल, तोंड कोरडं पडून लघवी कमी होत असेल, तरीही त्याच दिवशी दाखवा.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण वर लिहिलेल्यातलं बरंचसं इथे टळतं.

स्टोमाची जागा ऑपरेशनच्या आधी, रुग्ण जागा असताना, अंगावरच्या कपड्यांसकट ठरवायची असते. अमेरिकेतल्या कोलोरेक्टल, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या, सर्जनांची संघटना आणि स्टोमा नर्सेसची संघटना या दोघींची एकत्रित शिफारस हीच आहे, आणि आधी खूण केलेल्या रुग्णांना नंतरचा त्रास कमी होतो हे सर्वमान्य आहे. तरीही खूण राहून जाते. कधी नर्स नसते, कधी रुग्ण आदल्या संध्याकाळी उशिरा भरती होतो, कधी स्टोमाची गरज पडेलच असं आधी वाटत नसतं. मग जागा टेबलावर ठरते, रुग्ण भूल दिलेला आणि उताणा असताना. बारीक माणसात त्याने फारसं बिघडत नाही. स्थूल माणसात उताण्या पोटावर जी जागा उत्तम दिसते ती उभं राहिल्यावर पोटासोबत खाली उतरते.

पुस्तकातली नेहमीची जागा बेंबीच्या थोडी खाली आणि बाजूला असते. पोट सुटलेलं असेल तर ती जवळजवळ कधीच योग्य नसते. अशा रुग्णात खूण बेंबीच्या वरच्या भागात करावी. तिथे चरबीचा थर सहसा पातळ असतो, त्यामुळे आतड्याला कातडीपर्यंत यायला अंतर कमी पडतं. शिवाय रुग्णाला मान खाली घातल्यावर स्टोमा दिसतो. स्वतःची पिशवी स्वतः बदलता येणं आणि त्यासाठी जन्मभर दुसऱ्याची वाट पाहणं यातला फरक अनेकदा या चार बोटांच्या उंचीवर ठरतो.

खूण करण्याची माझी पद्धत सांगते. रुग्णाला झोपवून मान उचलायला लावते. पोटाचा उभा स्नायू ताणला जातो आणि त्याची बाहेरची कड हाताला लागते; खूण त्या स्नायूच्या आत हवी. मग बसवते, पुढे वाकवते, मांडी घालायला लावते, उभं करते. प्रत्येक वेळी घड्या कुठे पडतात ते पाहते. साधारण पाच ते सात सेंटीमीटरची सपाट जागा लागते. तिच्यात बेंबी, जुन्या सिझेरियनचा किंवा अपेंडिक्सचा व्रण, बरगडीची कड, नाडीची रेघ यातलं काही येता कामा नये. मग रुग्णाला विचारते, "तुम्हाला दिसतंय का? बोट लावून दाखवा." बोट पोचलं नाही तर जागा बदलते. दोन खुणा करते, उजवीकडे इलिओस्टोमीसाठी आणि डावीकडे कोलोस्टोमीसाठी, कारण पोट उघडल्यावर बेत बदलू शकतो. न पुसणाऱ्या पेनाने खूण करून वर पारदर्शक पट्टी लावते. तरीही ऑपरेशनच्या आधी कातडी धुताना खूण पुसली जाऊ शकते, म्हणून थिएटरच्या नर्सला तसं कळवते. वेळ असेल तर त्या जागेवर थोडं पाणी भरलेली पिशवी चिकटवून रुग्णाला दिवसभर घरात वावरू देते. परकर, साडी, पँट, जे काही रोज घालतात ते घालून.

गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा आधी रेडिएशन आणि केमो देतात आणि मग काही आठवडे थांबून ऑपरेशन करतात. या काळात वजन वरखाली होतं. सुरुवातीला केलेली खूण तशीच वापरू नये, ऑपरेशनच्या आठवड्यात पुन्हा बघावी. हाच काळ आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली चालणं वाढवायला आणि कंबर थोडी कमी करायला चांगला असतो. उपासतापास मात्र नकोत. प्रोटीन कमी पडलं तर जखम भरत नाही, आणि कॅन्सरचं ऑपरेशन वजनासाठी पुढे ढकलायचं नसतं.

"पण आमचे हे काही तेवढे लठ्ठ नाहीत," असं घरचे म्हणतात. भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 25 च्या पुढे स्थूलता धरतात, पाश्चात्त्यांसारखी 30 च्या पुढे नाही. पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटरच्या वर आणि बाईची 80 च्या वर असेल, तर पोटावरच्या चरबीची दखल घ्यायलाच हवी. हातपाय बारीक आणि पोट पुढे, अशी माणसं आपल्यात खूप आहेत.

सर्जनशी बोलताना

सर्जनची अडचणही समजून घ्यायला हवी. आतड्याला रक्तपुरवठा करणारा पडदा, मेसेंटरी, स्थूल माणसात चरबीने जाड आणि आखूड झालेला असतो. पोटाची भिंतही जाड. आतडं बाहेर आणायचं म्हणजे ताण येतो. ताण आला की रक्त कमी पोचतं आणि मग स्टोमा काळा पडण्याचा किंवा आत ओढला जाण्याचा धोका असतो. पुरुषांमध्ये चरबी बरेचदा पोटाच्या आत साठलेली असते. पोट टणक, कातडी सपाट, पण आतडं बाहेर यायला तयार नसतं. स्त्रियांमध्ये ती बरेचदा कातडीखाली असते. आतडं येतं, पण घड्या सोडत नाहीत. त्यामुळे एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

मार्ग आहेत. डाव्या बरगडीखालचं आतड्याचं वळण सोडवून लांबी मिळवता येते. रक्तवाहिनी मुळाशी बांधली तर मेसेंटरी मोकळी होते. आतड्याचं टोक येत नसेल तर त्याच्या थोडं अलीकडचा भाग वळशासारखा बाहेर आणता येतो. स्टोमाभोवतीची कातडीखालची चरबी कमी करता येते. तात्पुरता स्टोमा असेल तर आडव्या मोठ्या आतड्यापेक्षा लहान आतड्याचा वळसा सहसा सोपा येतो. इलिओस्टोमी कातडीच्या वर 2 ते अडीच सेंटीमीटर तोटीसारखी उभी असावी. इंग्लंडमधले सर्जन ब्रुक यांनी 1952 साली आतड्याचं टोक उलटवून शिवण्याची ही पद्धत मांडली. जाड पोटावर ती उंची राखणं अवघड असतं, पण तिथेच तिची गरज सर्वाधिक असते.

हे सगळं तुम्ही सर्जनना शिकवायचं नाहीये. विचारायचं एवढंच: स्टोमा लागण्याची शक्यता किती, तात्पुरता की कायमचा, खूण कोण आणि कधी करणार, आणि पोट मोठं असल्यामुळे जागा वर घेणार का. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर घाईत असतात, म्हणून हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या. हॉस्पिटलात स्टोमा नर्स नसेल तर पुण्यात दुसरीकडे कुठे आहे ते विचारा. ससूनपासून मोठ्या खाजगी हॉस्पिटलांपर्यंत कॅन्सरची ऑपरेशन्स इथे रोज होतात आणि पिशव्या बनवणाऱ्या कंपन्यांकडेही प्रशिक्षित नर्सेस असतात. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे. स्वतः स्टोमा असलेल्या माणसांशी तिथे बोलता येतं. साताऱ्याहून, सोलापूरहून ऑपरेशनसाठी येणाऱ्यांनी हे एक दिवस आधी येऊन उरकावं, ऑपरेशनच्या सकाळी नाही.

आतडं अचानक बंद होऊन रात्रीतून ऑपरेशन करावं लागलं तर एवढा वेळ मिळत नाही, पोट फुगलेलं असतं आणि रुग्णाला बसवणंही कठीण होतं. तेव्हाही निवासी डॉक्टरांना एक विनंती करता येते: भूल देण्याआधी रुग्णाला क्षणभर टेकवून बसवा, मुख्य घडी कुठे पडते तिथे पेनाने रेघ ओढा, आणि स्टोमा त्या रेघेच्या वर घ्या.